बायूकाठचं अळू, आजोबांच्या खारी आणि सासूबाईंचा विळा

प्रिय मावशी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लुइझियानातल्या लाफायेटजवळ राहतो. तो एच-१बी व्हिसावर, मी एच-४ व्हिसावर. शेजारी पंचाहत्तरीचे एक केजन (इथले फ्रेंच वंशाचे) आजोबा आहेत, अगदी प्रेमळ. कुंपणावरून कधी गंबो (इथला दाट रस्सा) येतो, कधी अंजिरांचा मुरंबा. आता त्यांनी ह्यांना ऑक्टोबरात खारींच्या शिकारीला बोलावलंय. मला म्हणाले, "त्याआधी बायूवर (म्हणजे इथल्या संथ, दलदलीच्या ओढ्यावर) चल, रानातलं काय काय खायचं ते दाखवतो." आम्ही मासे-मटण खातो, पण खार? आणि हे कायद्यात बसतं का?

दुसरं म्हणजे, गुहागरहून सासूबाई आल्या आहेत. बायूच्या काठाने पसरलेलं अळू पाहून त्यांचा जीव वरखाली होतोय. ऋषीपंचमीच्या भाजीला हेच काढू म्हणतात, परवा विळा मागत होत्या. मागच्या हिरवळीवर पावसानंतर मोठाल्या पांढऱ्या टोप्यांची अळंबी आलीत, तीही हेरून ठेवलीत. त्यांना "नको" कसं सांगू? आणि खरंच सांगायला हवं का?

– कात्रीत सापडलेली सून


अगं, सगळ्यात आधी अळंबी. बाकीचं उत्तर चहा घेत सावकाश वाच, पण एवढा भाग सासूबाईंना लगेच वाचून दाखव. कोकणात पावसाळ्यात वारुळाजवळ जी अळंबी मिळतात, ती वाळवीच्या आधाराने वाढतात. बुरशीची शेती करणारी ही वाळवी आफ्रिका आणि आशियात आहे, अमेरिकेत नाही. त्यामुळे ती अळंबीही तिथे नाहीत. तुमच्या हिरवळीवर काय उगवलंय ते पत्रावरून मी सांगणार नाही. पण त्या भागात हिरवळीवर पावसानंतर मोठं, पांढरं, वर तपकिरी खवले असलेलं जे हमखास उगवतं ते क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, आणि ते विषारी आहे. दिसायला देखणं, पण खाल्ल्यावर काही तासांत माणूस उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. उत्तर अमेरिकेत अळंबीची विषबाधा होते तेव्हा सर्वाधिक वेळा हेच निघतं. शिजवलं म्हणूनही भरवसा धरू नये. उपटून टाका, हात धुवा. चुकून कुणी काही खाल्लंच तर पॉइझन कंट्रोलचा चोवीस तास चालणारा मोफत नंबर १-८००-२२२-१२२२ आहे. फ्रिजवर लावून ठेव, अळंबी नसली तरी कधीतरी उपयोगी पडेल.

आता सासूबाई. त्यांच्यावर हसू नकोस आणि ह्यांनाही हसू देऊ नकोस. गुहागरच्या बाईची रानभाजीची नजर पिढ्यान्पिढ्या कमावलेली असते. पण ती नजर नुसतं पान पाहत नाही. महिना कुठला, बांध कुणाचा, शेजारी काय उगवलंय, ओहोळाचं पाणी कुठून येतं, आईने इथूनच काढलं होतं का, हा सगळा हिशेब मनात नकळत होत असतो, आणि म्हणून ती चुकत नाही. बायूवर पान तेवढं ओळखीचं आहे, बाकीचा हिशेब त्यांच्याकडे नाही. भांडण न करता त्यांना पटवायचं असेल तर हेच सांग. "तुम्हाला कळत नाही" असं म्हणालीस तर त्या पहाटे उठून एकट्या जातील. मला कोकणातल्या सासवा माहीत आहेत.

ते अळू बहुधा खरंच अळू आहे, आपलंच, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याने बटाट्याला पर्याय म्हणून दक्षिणेत त्याचा प्रसार केला. पीक म्हणून ते फारसं रुजलं नाही, पण ओढ्या-नाल्यांत असं पसरलं की आता तिकडे ते उपद्रवी तण समजलं जातं. म्हणजे कुणी कापून नेलं तर वाईट वाटून घेणारं कुणी नाही, हे खरं. तरी त्याच पाणथळीत पेल्टान्ड्रा नावाची बाणाच्या टोकासारख्या पानांची दुसरी वनस्पती उगवते, ती लांबून थेट अळू वाटते. देठ बघायचा: अळूचा देठ पानाच्या खाचेपासून थोडा आत, पाठीला चिकटलेला असतो. पेल्टान्ड्राचा बरोबर खाचेत.

हे ओळखलं तरी मी ते काढू देणार नाही. आपल्याकडे सुद्धा वडीचं अळू वेगळं, भाजीचं वेगळं आणि रानातलं तेरं वेगळं. कुठलं किती खाजतं, कुणाला चिंच जास्त लागते, कुणाला भरपूर उकळावं लागतं, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची. पण चिंचेला आणि उकळण्याला ज्याच्याशी लढता येत नाही ते पाण्यात आहे. बायूत वरच्या उसाच्या आणि भाताच्या शेतांचं पाणी उतरतं. शिवाय जलपर्णी आणि जायंट साल्व्हिनिया आवरण्यासाठी राज्याचं वन्यजीव व मत्स्य खातं जलमार्गांवर तणनाशक फवारतं. काल फवारलेलं पान आज हिरवंगारच दिसतं.

(जलपर्णीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. ती आवरायला आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, ते जलपर्णी खातील आणि आपण पाणघोडे खाऊ, असं विधेयक लुइझियानाच्या रॉबर्ट ब्रूसार्ड नावाच्या खासदाराने १९१० मध्ये अमेरिकेच्या संसदेत मांडलं होतं. मंजूर झालं नाही म्हणून, नाहीतर तुझ्या पत्रात खारीऐवजी पाणघोडा असता.)

अळूच्या देठांवर पाण्याच्या जरा वर गुलाबी, च्युइंगगमसारख्या रंगाच्या अंड्यांचे पुंजके दिसतील. ती ॲपल स्नेलची, तीही बाहेरून आलेली गोगलगाय. अंड्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, त्यांत विष असतं. आणि गोगलगायीत रॅट लंगवर्म नावाचा जंत असू शकतो. असा जंत मेंदूपर्यंत जातो. कच्च्या पालेभाजीला चिकटलेल्या एखाद्या बारक्या गोगलगायीतूनही तो पोटात जातो, म्हणून तिकडे घरच्या परसातली भाजीसुद्धा पान न् पान उलटून धुवावी.

ऋषीपंचमीच्या भाजीची सोय मात्र होऊ शकते. आशियाई दुकानात अळकुड्या मिळतात, पानंही कधी कधी मिळतात. अळकुड्या कुंडीत लावल्या तर लुइझियानाच्या उकाड्यात पानं येतात. या वर्षी उशीर झाला असेल तर दुकानातल्या पानांवर निभावून न्या. कुंडीतलं अळू कुंडीतच ठेवायचं, कंद किंवा देठ नाल्यात टाकायचे नाहीत. आधीच पुरेसं आहे तिथे. आणि एका भाजीत सासूबाईंची नजर सोळा आणे खरी ठरेल: घोळ. ड्राइव्हवेच्या फटीत उगवते, ती आपलीच घोळ. फक्त देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, टाकून द्यायची. अंगणात तुम्ही किंवा घरमालकाने औषध मारलेलं नसलं तर त्यांना ती काढू दे. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. ड्राइव्हवेवर बैल कुठून येणार!

तू "नको" कसं सांगू विचारलंस. त्यांना आजोबांच्या होडीत बसव, हे माझं उत्तर आहे.

तुझ्या शेजाऱ्यांचे पूर्वज मुळात त्या बायूचे नव्हेत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले हे फ्रेंच भाषक शेतकरी. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना घरादारांतून हाकललं. काही १७६० च्या दशकात लुइझियानाला पोहोचले, आणि १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० जण आले. थंड मुलखातली माणसं एकदम मगरींच्या दलदलीत. त्यांची रानाची नजर तिथे काय कामाची होती? ती त्यांनी चिटिमाचा, हूमा, चॉक्टॉ अशा मूळच्या लोकांकडून घेतली. गंबोवर भुरभुरतात ती ससाफ्रासच्या पानांची फिले पूड चॉक्टॉ लोकांची, आणि गंबोतली भेंडी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची. म्हणजे आजोबांच्या घरातलं ज्ञान हे शेजाऱ्याकडून शिकलेलंच ज्ञान आहे. सासूबाईंना हे सांगितलंस की त्यांना विद्यार्थिनी होण्यात कमीपणा वाटणार नाही.

आत्ता, उन्हाळा सरताना जाल तर त्यांना म्हण, पहिलं कमळ दाखवा. तिकडचं कमळ पिवळं, आपल्या कमळाचंच भावंड. केजन लोक त्याचं बी आवडीने खातात, त्याला ग्रेन आ वोले म्हणतात. पाण्यावर उभी मोठी गोल पानं आणि शॉवरच्या तोंडासारखी बोंडं, चुकीला जागा फार कमी. बी हिरवं असताना सोलायचं, आतला कडू हिरवा कोंब काढून टाकायचा, पांढरं ते खायचं. पाण्याबद्दल वर लिहिलं ते इथेही लागू आहेच, पण कुठल्या तळ्यात फवारणी होते आणि कुठल्या नाही हे आजोबांना ठाऊक असेल. तेवढ्यासाठीच तर त्यांच्याबरोबर जायचं.

ऑगस्ट-सप्टेंबरात मस्कडाइन द्राक्षं पिकतात, जाड सालीची, रानटी गोडीची. ससाफ्रासचं झाड दलदलीत सापडणार नाही, त्याला निचऱ्याची उंच जमीन लागते. एकाच झाडावर तीन तऱ्हांची पानं असतात: साधं, एका अंगठ्याच्या हातमोज्यासारखं आणि तीन बोटांचं. ही पानं वाळवून, कुटून, चाळून फिले होते. पूड आच बंद केल्यावर घालायची, उकळली तर तार सुटते. याच झाडाच्या मुळांच्या तेलातल्या सॅफ्रोलवर अमेरिकेत १९६० मध्ये खाद्यपदार्थांपुरती बंदी आली. पानांत ते नगण्य असतं. म्हणून मुळांचा चहा कुणी देऊ केला तर नको म्हण, फिले खुशाल खा. वसंतात मेहॉची लाल फळं पाण्यात पडून तरंगतात, ती जाळीने गोळा करून जेली करतात. तोवर सासूबाई परतलेल्या असतील, बरणी पाठव.

दोन-तीन गोष्टींना मात्र आजोबा सोबत असले तरी हात लावायचा नाही. लाल देठाची, माठासारखी वाटणारी उंच वाढलेली पोक: तिकडची जुनी माणसं तिचे कोवळे कोंब पाणी बदलून बदलून उकळून खातात. तुम्हाला गरज नाही. तिचं मूळ आणि पिकलेली जांभळी फळं विषारीच. एल्डरबेरी चांगली, शिजवून. पण तशाच पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची वॉटर हेमलॉक त्याच ओलाव्यात उगवते, आणि उत्तर अमेरिकेतली ती सर्वात विषारी वनस्पती मानली जाते. एल्डरबेरी लाकडी फांद्यांचं झुडूप आहे, वॉटर हेमलॉक मऊ, पोकळ देठाची. तरीही पहिल्या वर्षी तुम्ही ही निवड करू नका. आणि पळसाला पाने तीन म्हणत तीन पानांच्या वेलीला कवटाळू नका, ती पॉइझन आयव्ही असते. अंगावर पुरळ उठून आठवडे जातात. काठावरच्या गवतात कॉटनमाउथ साप असतात, म्हणून बूट घाला, पाण्यात पाय सोडू नका. मगरी कुठे असतात हे आजोबा सांगतील. होडीत लाइफ जॅकेट सासूबाईंनीही घालायचं, नऊवारीवर कसं दिसतं हा विचार न करता.

आता खार. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं. तिला मारून खाणं नकोसं वाटलं तर त्यात मागासलेपण काही नाही. लुइझियानातल्या खारी वेगळ्या आहेत, करड्या आणि तांबूस, मोठ्या, पाठीवर पट्टे नाहीत. म्हणजे रामाचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या सुटतो, पण मन तांत्रिक नसतं. तिकडे ऑक्टोबरचा पहिला शनिवार म्हणजे खारींचा मोसम उघडण्याचा दिवस, आणि कित्येक घरांत तो सणासारखा असतो. आजोबा, मुलगा, नातू एकाच रानात जातात आणि रात्री लोखंडी भांड्यात तपकिरी रश्शात खार मंद शिजते, भाताबरोबर. तुझ्या नवऱ्याला त्या दिवशी बोलावणं म्हणजे त्याला घरात घेणं आहे. म्हणून बोलावणं नाकारू नका. खायचं की नाही हे वेगळं.

"आमच्याकडे खार देवाची मानतात" एवढं साधं वाक्य पुरेल. आजोबा बहुधा कॅथलिक असतील, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात दर शुक्रवारी मांस न खाणारे. देवासाठी एखादं जनावर ताटात न घेणं म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. (त्या शुक्रवारी मगर चालते का, हा प्रश्न न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांपर्यंत गेला होता. २०१० मध्ये त्यांनी लेखी उत्तर दिलं: चालते, मगर माशांत मोडते. आपल्याकडच्या उपवासाच्या बटाट्याला फार नावं ठेवायला नकोत.)

कायद्याचं मात्र नीट वाच, दोघांनी मिळून वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्याला एक अपवाद आहे: राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. "बाळगणं" म्हणजे विकत घेणंच असं नव्हे. रानात आजोबांनी "धर जरा" म्हणून हातात दिलेली बंदूकही त्यात येऊ शकते, आणि ते प्रकरण व्हिसापर्यंत जाऊ शकतं. शिवाय लुइझियानात १ सप्टेंबर १९६९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणून यंदा ह्यांनी बंदुकीला अजिबात हात लावू नये. नुसतं सोबत जावं, केशरी जॅकेट घालून, आजोबांच्या मागे चालावं, पिशवी धरावी. रात्री कांदा चिरावा. पुढच्या वर्षी हौस टिकली तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, मग अभ्यासक्रम, मग परवाना, आणि शेवटी बंदूक. आजोबांना हे आधीच सांगून ठेवा. ऐन रानात नकार दिला तर त्यांना तो भित्रेपणा वाटेल, आधी सांगितला तर शहाणपणा वाटेल.

जागा कुणाची हेही विचारायचं. तुमच्या जवळच्या अचाफलाया नदीच्या खोऱ्यात सरकारी राखीव रानं आहेत, तिथे जायला वेगळा प्रवेश परवाना लागतो. बाकी बरीच जमीन खाजगी, आणि लुइझियानात होडी जाते त्या पाण्याखालची जमीनही खाजगी असू शकते. आजोबांच्या ओळखीच्या जागेतच राहा. मासेमारीलाही मोठ्या माणसांना परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो.

कुंपणावरून पुढे काय काय येईल त्याबद्दल थोडक्यात. रानडुकराचं मांस आलं तर हातमोजे घालून कापायचं आणि आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवायचं, त्यातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. क्रॉफिश (गोड्या पाण्यातली, कोळंबीच्या नात्यातली) पूर्ण उकडलेलीच खायची. बेडकाच्या तंगड्या चालत असतील तर खा. शूपिक नावाचा मासा आणि बास यांत पारा साठतो, राज्याचं आरोग्य खातं कुठल्या पाण्यातले मासे किती खावेत याच्या सूचना काढतं. तुला दिवस असतील किंवा तसा विचार असेल तर त्या पाहिल्याशिवाय खाऊ नकोस. आर्माडिलोला (अंगावर चिलखतासारखं कवच असलेला प्राणी) हात लावायचा नाही, दक्षिणेतल्या आर्माडिलोंत कुष्ठरोगाचे जंतू सापडले आहेत. आणि कुणी हळूच ग्रो-बेक देऊ केलं, तर ते बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याचं मांस. जुन्या केजनांचा जीव त्यात अडकलेला असतो, पण स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याने ते बेकायदा आहे. हसून विषय बदलायचा.

आणि आजोबांचा डबा रिकामा परत जाऊ देत नसशीलच. सासूबाईंच्या हातचं सोलकढी-भात पाठव, तिखट त्यांना चालतं, आंबटही चालेल. शेंगदाण्याचं कूट घातलेलं काही देण्याआधी घरात कुणाला ॲलर्जी आहे का, तेवढं विचारून घे.

– मावशी